कोमट डांबर

रस्त्याच्या टोळीत त्याला सगळे अंदाजे म्हणत. हे काही त्याचं आडनाव नव्हतं. डांबराची गाडी आली की कोणीतरी विचारायचं, ‘माल किती तापलाय?’ मग हा मागच्या फाळक्यावरून उठणाऱ्या धुराकडे डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, ‘अंदाजे एकशेपंचावन्न.’ बहुतेक वेळा ते खरं असायचं. नसलं तरी खात्री करायला कोण जातंय? त्यामुळे त्याला थोडी शेखी चढली होती, आणि चढलेली शेखी उतरायला वेळ लागत नाही. ते पुढे येईलच.

आधी त्याचं काम सांगतो. पेव्हर नावाचं यंत्र रस्त्यावर डांबर-खडीचा थर अंथरत सरकतं. त्याच्या मागे लांब दांड्याची दाताळी घेऊन चार-पाच माणसं चालतात. कडेला माल कमी पडला तर ओढायचा, जास्त झाला तर सारायचा, आणि मागून येणारा रोलर टाचेवर यायच्या आत बाजूला व्हायचं. अंदाजे ह्या माणसांचा मुकादम. तोंडाला फडकं, पायात जाड तळव्याचे बूट, आणि भुवया म्हणाल तर असून नसल्यासारख्या. ताज्या मालाच्या धुरात तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून टोळीचा सगळा कारभार हातवाऱ्यांवर चाले. त्यात एक खूण सगळ्यांत मोठी होती. मुकादमाने दाताळं डोक्यावर आडवं धरलं की माल थंड पडला, गाडी परत न्यायची. ड्रायव्हरने हुज्जत घालायची नाही, साहेबाने कारण विचारायचं नाही. मुकादमाचं आडवं दाताळं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

असा हा माणूस दिवसभर लोकांच्या दारात रस्ते नेऊन पोचवायचा आणि मनात मात्र एकाच दारात उभा असायचा. ते दार होतं डोंगरावरच्या वस्तीतलं, आणि त्या दारात ताई होती.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आईवडील एका पाठोपाठ एक गेले तेव्हा हा नीट बोलतही नव्हता आणि तीही काही फार मोठी नव्हती. तिने त्याला न्हाऊ-माखू घातलं, मारलं, जवळ घेतलं, अंगावरचे कपडे उसवून त्याचे कपडे शिवले. खालून रस्त्याची टोळी डोंगराच्या पायथ्याला आली तेव्हा मिसरूड फुटलेला हा पोरगा दिवस-दिवस रोलरकडे बघत उभा राहायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीच म्हणाली, ‘बघत काय बसतोस? जा, काम माग.’ त्याने काम मागितलं, मिळालं, आणि टोळी पुढे गेली तसा तोही पुढे गेला. रस्त्याच्या कामाचा हा एक खोडसाळपणा आहे. काम संपलं की ते गाव सोडायचं. रस्त्यावर पहिली चाकं टोळीची फिरायची, आणि ती फिरली की टोळी तिथे पुन्हा यायची नाही.

मग वर्षं गेली. टोळीच्या पत्र्याच्या खोल्या एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर उचलून नेल्या जायच्या, आणि त्याच्या खाटेजवळची खिडकी दर मोसमात वेगळ्याच मैदानाकडे तोंड करायची. डिझेलच्या बोळ्याने हात पुसायचे, साबणाने दोनदा धुवायचे, तरी नखांच्या कडा काळ्याच. जेवण झालं की तो ताईला फोन लावायचा. बोलण्यासारखं फार नसायचं. पाय कसा आहे, छपराचं काय झालं, शेजारची म्हातारी अजून भांडते का. शेवटी तो म्हणायचा, ‘ताई, घरी यायचंय गं.’ आणि ती म्हणायची, ‘रस्ता कुठवर आला?’

हे तिचं रोजचं वाक्य. तो फोन ठेवायचा आणि छताच्या पत्र्याकडे बघत पडायचा. बिचारी वाट बघतेय माझी, असं त्याच्या मनात यायचं. लग्न त्याने केलं नव्हतं. ‘अरे, रस्ता कुठल्या दारात थांबतो का, मी थांबायला?’ असं तो हसून टाळायचा. खरं सांगायचं तर त्याला नवं घर मांडायचं नव्हतं. त्याला जुन्या घरात परत जायचं होतं. उंबऱ्यावर बसायचं, आतून ताईने हाक मारायची, त्याने ‘ओ’ द्यायची. एवढंच. एवढ्यासाठी माणूस म्हातारा होत आला.

आता कोणी म्हणेल, मग जायचं होतं, अडवलं कोणी? अडवलं होतं डोंगराने. मोसमाच्या शेवटी चार दिवस तो जायचाही, दगडांतून चढून, गुडघ्यांच्या कुरकुरीसकट. पण पक्का रस्ता पाण्याच्या वळणापाशी संपत होता. तिथे ओढा आडवा जातो, त्याच्या वर नुसते दगड आणि पायवाट. दवाखाना खाली, दुकान खाली, दिव्याचे खांब खाली. ताई एकदा पायवाटेवर पडली आणि तिचा गुडघा गेला. तेव्हापासून ती खाली उतरलीच नाही. दोन दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसांनी त्या टोकावर एकत्र राहायचं म्हणजे एकाने पडायचं आणि दुसऱ्याने बघत बसायचं. म्हणून त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं: आधी रस्ता दारापर्यंत न्यायचा, मग दाताळं खाली ठेवायचं आणि ताईजवळ राहायला जायचं.

पण डांबर वर पोचत नव्हतं. प्लांट, म्हणजे डांबर आणि खडी तापवून कालवायची ती भट्टी, खूप खाली होती. तिथून निघालेली गाडी वळणं घेत वर येईपर्यंत माल गार पडायचा, आणि गार माल म्हणजे दगड. तो पसरत नाही, दबत नाही. वर डोंगरावरचा वारा. गाडीवर ताडपत्री बांधली तरी वारा कुठून तरी शिरायचाच.

एकदा प्रयत्न झाला होता, आणि तो ह्यानेच घडवून आणला होता. साहेबांच्या मागे लागून लागून त्याने वळणाच्या वरचा एक तुकडा मंजूर करून घेतला आणि प्लांटवर जाऊन भट्टीवाल्याच्या कानाला लागला. ‘जरा जास्त तापव. वाटेत निवेल ते निवेल, वर येईपर्यंत बरोबर होईल.’ भट्टीवाला मित्रच होता. त्याने तापवलं. गाडी वर आली तेव्हा तिच्यातून निळा धूर निघत होता, आणि अंदाजेला तो निळा धूर इतका गोड वाटला की त्याने तोंडावरचं फडकंच काढलं. टोळीतली दोन माणसं खोकून खोकून बेजार झाली. माल मस्त पसरला, मस्त दबला, वरून आरशासारखा दिसला. आणि पुढच्या मोसमात त्याला भेगा पडल्या. त्यानंतर त्याची खडी सुटायला लागली. जास्त तापलं की डांबर आतून जळतं, त्याचा चिकटपणा जातो, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण घरची ओढ लागली की माणूस माहीत असलेलंही विसरतो. अति तेथे माती म्हणतात, इथे तर मातीही धड उरली नाही. त्या तुकड्यावरून जीप जाईना, पायाने जाणारे घसरायला लागले. वस्तीतले लोक म्हणायचे, ‘आधीचे दगड बरे होते, निदान प्रामाणिक होते.’

ताईने मात्र दोष दिला नाही. फोनवर तेवढंच, ‘म्हणजे अजून वळणापाशीच आहे तर.’

तर अशा माणसासमोर कोणी येऊन म्हणालं, की आता डांबर कमी तापवायचं, तर त्याला काय वाटेल? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा तर ताकाच्या भांड्याकडेही बघायला तयार नव्हता.

म्हणणारी होती प्रयोगशाळेतली इंजिनीअर. टोळी तिला लॅबवाली म्हणायची. बुटकी, चपळ, स्कूटरवरून यायची आणि हेल्मेट न काढताच बोलायला लागायची. तिने टोळीला एका झाडाखाली बसवलं आणि सांगितलं, की नव्या पद्धतीत तापलेल्या डांबरात पाण्याचा अगदी बारीक फवारा सोडतात. डांबराला फेस येतो, ते फुगतं, आणि फुगलेलं डांबर कमी उष्णतेतही खडीला नीट लागतं. एकशेपंचावन्नच्या जागी एकशेपंचवीसच्या आसपास काम होतं. भट्टीला इंधन कमी लागतं, धूर कमी निघतो, डांबर जळत नाही म्हणून रस्ता लवकर भेगाळत नाही.

‘म्हणजे कोमट डांबर,’ रोलरवाला म्हणाला.

‘कोमट म्हणा हवं तर.’

‘कोमट चहा पितं का कोणी?’ अंदाजे म्हणाला, आणि टोळी हसली.

लॅबवालीही हसली. ‘काका, चहा निवला की वाया जातो. हा माल निवत आला तरी बराच वेळ मऊ राहतो. गाडी लांब नेता येते. थंडीत नेता येते. खालच्या सपाट रस्त्यावर ह्या आठवड्यात चाचणी आहे. ती जमली तर पाण्याच्या वळणाच्या वरचं काम धरायचं, असं साहेबांनी कबूल केलंय. नाही जमली तर वरचा रस्ता कायमचा कागदावर.’

हे ऐकून त्याने चहाची कपबशी खाली ठेवली. हसणं तिथंच थांबलं. त्याला तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. एकदा आशेने त्याचा रस्ता जाळला होता, म्हणून तो आशेवरच डूख धरून बसला होता.

चाचणीच्या दिवशी लॅबवाली प्लांटवर होती आणि टोळी रस्त्यावर. पहिली गाडी आली. फाळका उघडला. धूर नाही. थोडीशी वाफ, कपातून निघते तेवढी. अंदाजेने डोळे बारीक केले, मग मोठे केले, मग परत बारीक केले. आयुष्यभर तो धूर वाचत आला होता आणि आज पान कोरं होतं. त्याने मनात म्हटलं, गार पडलाय. मेलेला माल आहे. हा अंथरला तर परत तेच होणार, आणि ह्या वेळी वरचा रस्ता कायमचा जाणार. त्याला खरोखर वाटलं की तो ताईचा रस्ता वाचवतोय. त्याने दाताळं डोक्यावर आडवं धरलं.

ड्रायव्हरने हुज्जत घातली नाही. घालायची नसते. त्याने गाडी वळवली आणि थोड्या अंतरावरच्या पडीक जागेत सगळा माल ओतून टाकला.

लॅबवाली स्कूटरवरून आली तेव्हा टोळी हात बांधून उभी होती. तिने पेव्हर बघितला, रिकामा. रस्ता बघितला, कोरा. मग लांबचा काळा ढीग बघितला. ती ओरडली नाही, हे अंदाजेला जास्त लागलं. ती नुसती म्हणाली, ‘काका, चला.’

ढिगापाशी जाऊन तिने थर्मामीटर खुपसला आणि काटा त्याच्यापुढे धरला. मग म्हणाली, ‘काट्यावर नका विश्वास ठेवू. दाताळं घाला.’

त्याने घातलं. त्याची अपेक्षा होती की दात आपटतील. दात आत गेले. ढीग उघड्यावर पडून बराच वेळ झाला होता, वर वारा होता, तरी माल आतून सुटत होता. त्याने ओढलं तसा आला, सारलं तसा गेला. त्याने वाकून खडीचा एक दाणा चिमटीत घेतला. चारी अंगांनी काळा, चकचकीत. त्याने तो दाणा चोळला, वास घेतला, परत चोळला. मग खालमानेने उभा राहिला.

‘मी गाडीभर माल फेकला,’ तो म्हणाला.

‘फेकलात.’

‘साहेबांना काय सांगणार?’

‘पहिली गाडी मुकादमाने धूर नाही म्हणून परत पाठवली, हेच सांगणार. खोटं कशाला सांगू? दुसरी गाडी वाटेत आहे. ती नीट अंथरा, म्हणजे मला पुढचंही खरं सांगता येईल.’

आयुष्यात इतकं सरळ त्याच्याशी फार कमी लोक बोलले होते. दुसरी गाडी आली तेव्हा तो स्वतः पेव्हरच्या मागे सगळ्यांत कडेला, जिथे चूक पहिल्यांदा दिसते तिथे, उभा राहिला. माल सुटा, सरळ उतरत होता. मजा अशी झाली, की अर्ध्या तासाने एकेकाने तोंडावरची फडकी खाली घेतली. पेव्हरच्या मागे माणसं बोलायला लागली. इतकी वर्षं एकमेकांना हातवारे करणारे लोक, त्यांना एकमेकांचे आवाज तिथे नवीनच होते. रोलरवाला रोलरवर बसून गातो, हे त्या दिवशी टोळीला कळलं. तो फार वाईट गातो, हेही कळलं. इतकी वर्षं धुराने आपल्यावर उपकारच केले होते, असं एकजण म्हणाला.

रस्त्यातून कापून काढलेले गोल तुकडे लॅबवालीने प्रयोगशाळेत तपासले. दाब उत्तम बसला होता. माल जास्त वेळ मऊ राहिल्यामुळे रोलरला सावकाश, नीट फेऱ्या मारायला मिळाल्या होत्या. वरचा रस्ता मंजूर झाला.

त्या संध्याकाळी त्याने फोन लावला. ‘ताई, वळणाच्या वर येतोय. दारापर्यंत. ह्या मोसमात.’

 ती म्हणाली, ‘खरं?’ आणि तिचा आवाज एखाद्या लहान मुलीसारखा आला. तो पत्र्याच्या खोलीच्या मागे गेला आणि तिथे उभा राहून रडला. आपण कोणालातरी इतके हवे आहोत, ह्या विचाराने त्याला रडू आलं.

पायवाट रुंद करून तिच्यावर खडी दाबून होईपर्यंत थंडीचे दिवस लागले होते. एरवी डोंगरावरचं काम अशा दिवसांत कोणी धरलं नसतं. गाड्या खालून निघायच्या, वळणं घेत वर यायच्या, आणि फाळका उघडला की माल जिवंत असायचा. वळणाच्या वरचा तो जळका तुकडा आधी खरवडून काढला. अंदाजेला वाटलं, बरी ब्याद गेली. पण लॅबवालीने तो चुरा गाड्यांत भरून प्लांटवर पाठवला. नव्या मालात थोडा थोडा जुना मिसळायचा होता. तेवढं नवं डांबर वाचतं, डोंगर फोडून नवी खडी काढावी लागत नाही. काही दिवसांनी त्याची चूक नव्या मालात मिसळून त्याच रस्त्यावर परत आली आणि ह्या वेळी गुपचूप जागेवर बसली. ‘काका, तुमचा जुना माल ओळखू येतो का?’ लॅबवालीने चिडवलं. त्याने खरोखर वाकून बघितलं, तेव्हा टोळी पोट धरून हसली.

लोकांना वाटतं रस्त्याचं काम दाराशी येऊन संपतं. ज्या रस्त्याला पलीकडे वाटच नाही, तिथे तसं करता येत नाही. गाडी पेव्हरच्या पुढे लागते, म्हणून यंत्र आधी टोकाला न्यायचं आणि तिथून मागे, आदल्या दिवशी केलेल्या रस्त्याकडे यायचं. त्यामुळे शेवटच्या दिवशी काम सुरूच झालं ताईच्या दारापासून.

ती उंबऱ्यावर उभी होती, काठी टेकून. केस सगळे पांढरे. त्याने उंबऱ्यालगतचा हातभर पट्टा स्वतःच्या हाताने ओढून सारखा केला. ती बघत होती. बाजूने रोलर धडधडत असताना ती म्हणाली, ‘हात चांगला बसलाय तुझा.’ तिने त्याचं काम कधी पाहिलंच नव्हतं, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. ‘संध्याकाळी येतोच,’ तो म्हणाला, ‘आता कायमचा.’ तिने त्याच्या गालावर हात ठेवला. मग पेव्हर सरकला आणि तो तिच्याकडे पाठ करून दिवसभर तिच्यापासून लांब जात राहिला. मागे वळून बघायची त्याला घाई नव्हती. आता सगळी संध्याकाळ आपलीच आहे, असं त्याच्या मनात होतं.

ऊन कलताना सांधा जुळला. कालचा रस्ता आणि आजचा रस्ता एक झाले. शेवटच्या पट्ट्यावर रोलरची शेवटची फेरी झाली. रिकामी गाडी खाली जायला पट्ट्याच्या अलीकडे उभी होती. अंदाजेने दाताळं पुसलं, टोळीतल्या सगळ्यांत जुन्या माणसाच्या हातात दिलं, आणि वळला.

रस्त्यावरून ताई येत होती. काठी टेकत, हळू, पण न अडखळता. अंगावर बाहेर जायचे कपडे, पायात नवे बूट, खांद्याला मोठी पिशवी. ती ताज्या पट्ट्याच्या पलीकडच्या कडेला येऊन थांबली आणि तिने विचारलं, ‘ही गाडी खाली रिकामीच जाणार ना?’

‘कुठे निघालीस?’

‘मैत्रिणीकडे. बेकरीच्या वर खोली आहे तिची, भर रस्त्यावर. खिडकीखालून रात्रभर माणसं जातात म्हणते. एक खाट किती वर्षं माझ्यासाठी ठेवलीये तिने.’

त्याला आधी काही कळेचना. ‘राहून कधी परत येणार?’

‘तिथेच राहणार आहे रे.’

‘ताई, अगं मी आलो ना! मी घरी आलो.’

‘आलास ना,’ ती म्हणाली, ‘म्हणून तर निघाले. दर फोनला तू म्हणायचास, घरी यायचंय, घरी यायचंय. कुलूप घातलेल्या दाराला घर कसं म्हणणार? तुला परत यायला घर पाहिजे होतं, म्हणून मी ते उघडं ठेवून बसले. मला हा डोंगर कधीच आवडला नाही. तू लहान होतास तेव्हाही नाही.’

हे ती रागाने बोलत नव्हती. उलट तिचा चेहरा उजळला होता, आणि तेच त्याला बघवेना.  दोघांच्या मध्ये तो काळा पट्टा होता.

‘ह्यावरून चालू का मी?’ तिने विचारलं.

हे सांगायचा अधिकार मुकादमाचा. तो म्हणाला, ‘अजून गरम आहे. आज नको. उद्या बघू.’

लॅबवालीने थर्मामीटरकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि थर्मामीटर मुकाट्याने पिशवीत टाकला.

ताईने पिशवी खाली ठेवली आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली. ‘बरं,’ ती म्हणाली, ‘थांबते.’ आणि थांबली. तक्रार नाही, कपाळाला आठी नाही. दोन्ही हात काठीवर, नजर खालच्या वळणाकडे. थांबायची तिला इतकी सवय होती की तिने त्यात कपडेसुद्धा नीट सावरून घेतले. ते बघताना त्याला कळलं, की ही बाई त्याच्या लहानपणापासून अशीच बसली आहे, आणि आपण तिला प्रत्येक फोनला परत परत बसवलं आहे.  त्याने वाकून पट्ट्यावर तळहात ठेवला. पट्टा चालण्याजोगा झालाय, हे त्याला आधीच माहीत होतं. तरी ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला.

‘चालेल,’ तो म्हणाला. ‘झालाय. ये.’

तो पट्ट्यावरून पलीकडे गेला, तिची पिशवी घेतली, तिच्या काखेत हात घातला आणि तिला अलीकडे आणलं. मध्यावर तिने थांबून पायाने दाबून बघितलं. ‘छान झालाय रे,’ ती म्हणाली. ड्रायव्हरने दार उघडलं. दोघांनी मिळून तिला वर बसवलं. तिने किल्ली त्याच्या हातात दिली. ‘दार चिकटतं. जरा वर उचलून लाव. आणि फोन करत जा.’

‘मला तुझ्यापाशी राहायचं होतं, ताई,’ तो म्हणाला. इतकी वर्षं हे असं सरळ तो कधी बोललाच नव्हता.

‘माहीत आहे मला,’ ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. ‘माहीत होतं म्हणून तर राहिले.’

गाडी निघाली. रिकामी गाडी डोंगर उतरायला लागली की दगडांवर तिचा फाळका खडखडतो. काम चालू असताना त्या खडखडाटावरून वस्तीतलं लहान पोरही सांगायचं गाडी कुठवर गेली ते, अगदी पाण्याच्या वळणापर्यंत. तो कान देऊन उभा राहिला. पण रस्ता उत्तम झाला होता. पहिल्या वळणाआड गाडी गेली आणि त्यानंतर त्याला काहीच ऐकू आलं नाही.